कलम नववं आणि लाल खुर्ची

या, पुढे सरका. भिंतीला पाठ लावून बसलेल्याला कथा सांगू नये, असं माझ्या गुरुबाई म्हणायच्या. जवळ या, गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. फक्त पहिल्या ओळीतली एक खुर्ची मोकळी ठेवा. का, ते शेवटी कळेलच. आज एक गोष्ट सांगते, आणि आधीच बजावून ठेवते की ती रागाची आहे. देवाधर्माची माणसं रागावत नाहीत असा एक समज आहे. तो ज्यांनी पसरवला त्यांची कंबर सिंगापूरच्या आंग मो किओमध्ये वसाहतीचं अपग्रेडिंग, म्हणजे तोडफोड आणि नूतनीकरण, चालू असताना धरलेली नसणार.

कंबर कशी धरली ते थोडक्यात सांगते. जमिनीवर पडलेली झांज उचलायला मी वाकले आणि वर आलेच नाही. निशिकांत, म्हणजे आमचे हे, समोरच सोफ्यावर होते. पाचेक मिनिटांनी त्यांनी विचारलं, "काही सापडलं का?" या प्रश्नाबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या शनिवारी आमच्या मंडळात माझं कीर्तन असतं. बावीस वर्षं. पहिल्या वर्षी समोर अकरा माणसं होती आणि त्यातली चार माझ्याच घरातली. आता सत्तर-ऐंशी येतात. आणि कीर्तन उभ्यानं करायचं असतं. पूर्वरंग पाऊण तास, मध्यंतरात बुक्का आणि हार, मग आख्यान, मग आरती. दोन तास कीर्तनकार उभा. नारदांची गादी म्हणतात तिला, पण त्या गादीवर आजवर कुणी बसलेलं नाही. माझ्या हातात सहा आठवडे होते आणि मला दात घासायलाही बेसिन धरून उभं राहावं लागत होतं.

ही बातमी मंडळाचे सेक्रेटरी यशोधन यांच्यापर्यंत पोचली. यशोधन सेंगकांगला राहतात, वय छत्तीस, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला ऑप्शन असतो यावर त्यांची अढळ श्रद्धा आहे. ते घरी आले, येताना पपई आणली, आणि म्हणाले की उल्काताई, आपण एक उंच स्टूल ठेवू, बारमध्ये असतं तसं.

मी म्हटलं, "बसून केलं तर त्याला कीर्तन म्हणत नाहीत, यशोधन. पॉडकास्ट म्हणतात."

त्यांनी फोन काढून ते लिहून घेतलं. कल्पना आवडली म्हणून.

मग मुद्द्यावर आले. मीनल म्हणून एक नवीन सभासद आहेत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. 'श्रीकृष्ण आणि टीम मॅनेजमेंट' असं त्यांचं स्लाइडसह भाषण तयार आहे. त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारपर्यंत मी दोन तास उभी राहू शकते असं कळवलं नाही, तर हॉल त्यांना द्यायचा. यंदापुरताच ना, असं मी विचारलं, तर ते पपईकडे बघायला लागले. बावीस वर्षांच्या कीर्तनाला पपई देऊन निरोप. मी ती पपई खाल्ली नाही. निशिकांतांनी खाल्ली आणि गोड आहे म्हणाले.

आता सल्ल्यांबद्दल. कंबर ही शरीराची एकमेव जागा आहे जिच्याबद्दल प्रत्येकाला सगळं ठाऊक असतं. पुण्याहून नणंदेचा फोन आला की कुळथाची पुरचुंडी गरम करून शेक. समोरच्या कॅक सलमा, म्हणजे मलय भाषेत सलमाताई, म्हणाल्या की त्यांच्या मावशीच्या हातचं मालिश घे, तीन दिवसांत नाचायला लागशील. लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या, ओळख ना देख, त्यांनी पर्समधून लाल तेलाची बाटली काढून माझ्या तळहातावर ओतली आणि आठव्या मजल्यावर उतरून गेल्या. ते तेल चुकून डोळ्याला लागलं. कंबर तशीच, वर डोळा सुजलेला. मंडळाच्या ग्रुपवर मात्र 'उल्काताईंना आराम पडो' म्हणून एकूण चाळीस हात जोडलेले आले. खुर्ची घेऊन कुणी आलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

शेवटी जाईनं, माझ्या मुलीनं, बुकित तिमाहच्या एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. चैत्राली तिचं नाव. जाईपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिनं मला पालथं घातलं, उताणं घातलं, एका पायावर उभं केलं आणि म्हणाली, "काकू, औषध नाही, पट्टा नाही. चाला. दहा मिनिटं चालायचं, दोन मिनिटं बसायचं, परत दहा मिनिटं. रोज वाढवत न्यायचं. पण बसायची जागा आधी ठरवून निघा. मध्येच कळ आली आणि टेकायला काही नसलं तर सगळं मुसळ केरात."

चाला, एवढंच. हे मला कुळथाच्या पुरचुंडीनंही सांगितलं असतं. पण मी ऐकणारी बाई आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी खाली उतरले.

आमच्या ब्लॉकपासून बाजाराकडे जाणारी छप्पर घातलेली वाट आहे. वीस वर्षं मी तिथून चालते आहे. मध्यावर एक मोठं पर्जन्यवृक्षाचं झाड, त्याखाली सिमेंटचा बाक, पुढे बंद पडलेलं कॉफीशॉप. मी हिशोब केला, बाकापर्यंत पूर्वरंग, बाकावर मध्यंतर, परतीच्या वाटेवर आख्यान. म्हणजे कंबरही सुधारेल आणि कीर्तनाची तालीमही होईल. यंदा आख्यान संजीवनीचं, लक्ष्मणाला शक्ती लागते आणि मारुतीराय द्रोणागिरी आणतात ते. मी चालत चालत रावणाचं बोलणं म्हणू लागले. रावण हळू आवाजात बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

पहिल्या तीन दिवसांत सगळं छान चाललं. लिफ्टपाशी एक सूचना लागली होती की सकाळच्या वेळी खाली मोठ्यानं आवाज करू नये, रहिवाशांच्या तक्रारी आहेत. मला बरं वाटलं. त्या सायकलींवरच्या पोरांना कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

चौथ्या दिवशी बाक गेला.

गेला म्हणजे कसा, तर होता तिथे चार खिळ्यांची भोकं आणि हिरवा पत्रा. पत्र्यावर एक टोपीवाला कामगार रंगवलेला, कमरेत वाकून क्षमा मागणारा. कमरेत वाकून. मला तो अपमान वैयक्तिक वाटला. पुढच्या आठवड्यात छपराची वाट बंद करून एक वळसा काढला. मग वळशाचा वळसा. बसस्टॉप दोनशे मीटर पुढे सरकला. कॉफीशॉप तर सहा महिन्यांपूर्वीच बंद झालं होतं, आता तिथे काचेचं दुकान आलं, ज्यात दुधात साबुदाणे घालून स्ट्रॉनं ओढतात. आमच्याकडे साबुदाणा उपासाला असतो, गंमत म्हणून नाही. जिथे जिथे माणूस टेकू शकेल अशी जागा होती तिथे तिथे आता व्यायामाची यंत्रं बसवली होती. म्हणजे दमलेल्या माणसानं बसू नये, आणखी दमावं.

बाक गेला त्याच दिवशी कळ आली, तीही झाडाखालीच. टेकायला काही नाही. मी हिरव्या पत्र्याला धरून उभी राहिले, रावणाचं अर्धं वाक्य तोंडात, आणि डोळ्यांतून पाणी. वरच्या कुठल्या तरी खिडकीतून एक म्हातारा बघत होता. मला त्याचाही राग आला.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. मी तीस वर्षं बँकेत ऑडिटला काढली आहेत. ऑडिटच्या माणसाला राग आला की तो ओरडत नाही, कलमं पाडतो. इस्टेटच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, ऑफिसला अकरा कलमी पत्र. कलम पहिलं, बाक. कलम दुसरं, बाक कुठे नेला. कलम तिसरं, क्षमा मागणारा कामगार. असं करत करत राग ओसरायला लागला, पण पानावर जागा शिल्लक होती, म्हणून कलम नववं घातलं की लिफ्टजवळ कुणीतरी फाटका सोफा टाकला आहे, रहिवासी जुनं सामान असं खाली ठेवतात त्यावर तातडीनं कारवाई व्हावी. खरं सांगायचं तर सोफ्याचं मला काही नव्हतं. अकरा ही संख्या चांगली दिसते म्हणून घातलं.

उत्तर आलं की आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे.

आणि दोन दिवसांनी चमत्कार झाला. झाडाखाली, जिथे बाक होता बरोबर तिथे, पत्र्याच्या अलीकडे, एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची. माझ्यासाठीच ठेवल्यासारखी. मी इकडेतिकडे पाहिलं, देवाला हात जोडले आणि बसले. दुसऱ्या दिवशीही होती. पाऊस पडून गेला की पुसलेली असायची. मला वाटलं, बावीस वर्षांची सेवा रुजू झाली. देव खुर्ची पाठवतो यात मला काहीच नवल वाटलं नाही, उलट उशीर केला असं वाटलं.

कधीकधी तिथे ते खिडकीतले म्हातारे उभे असायचे. कोह अंकल. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, पांढरा बनियन, निळी हाफ पँट, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. मी आले की मान हलवायचे आणि निघून जायचे. एकदा मी त्यांना बसा म्हटलं, तर ते म्हणाले, "नो, यू सिट. यू सिट, यू सिंग." मी बसले की रावण थांबायचा आणि पुढचं पद आपोआप गुणगुणलं जायचं, ते त्यांनी ऐकलं असणार. मी संकोचले, पण सुखावलेही. श्रोता म्हटला की मला माया येते.

तीन आठवडे असे गेले. एका खुर्चीच्या जोरावर मी दहाची वीस आणि वीसची पस्तीस मिनिटं केली. दरम्यान चिन्यांचा सातवा महिना लागला, आपल्या पितृपक्षासारखा. मैदानावर तंबू पडले, रात्री गाण्याचे कार्यक्रम, शेकडो लाल खुर्च्या आणि पहिली ओळ पूर्ण रिकामी. बावीस वर्षं मी 'पुढे या, पुढे या' म्हणून घसा फोडते, आणि ही माणसं पहिली ओळ मुद्दाम मोकळी सोडतात, कारण ती गेलेल्या माणसांची असते. मला वाटलं, गेलेली तरी पुढे येऊन बसतात. आपली जिवंत माणसं दाराशी उभी राहतात, पार्किंगचं निमित्त सांगून.

कीर्तनाला अकरा दिवस होते. मंगळवारी सकाळी खाली गेले तर खुर्ची नाही.

मी झाडाभोवती फिरले. पत्र्यामागे डोकावले. फोन वाजला, इस्टेटच्या ऑफिसचा संदेश होता. कलम नऊवर कारवाई पूर्ण, सहकार्याबद्दल आभार, सोबत दोन फोटो. सोफा बहुधा केव्हाच कुणीतरी नेला होता. शोधायला आलेल्या माणसांना जे जुनं सामान दिसलं ते त्यांनी उचललं. पहिल्या फोटोत झाडाखाली लाल खुर्ची, आणि तिच्यावर मी आदल्या दिवशी विसरलेली माझी पाण्याची बाटली. दुसऱ्या फोटोत नुसतं झाड. अकरांपैकी दहा कलमांना त्यांनी हात लावला नव्हता. एकच पाळलं आणि ते चोख पाळलं.

मी वर पाहिलं. कोह अंकल खिडकीत नव्हते. ते खाली आले होते. झाडाशी उभे होते, हातात फडकं, पाऊस पुसायला आणलेलं. पुसायला काही नव्हतं. ते जागेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघून मान हलवली, आणि फडकं घडी करून खिशात ठेवून चालू लागले. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

श्रोतेहो, सत्य या विषयावर मी अर्धा तास निरूपण करते. दृष्टान्त देते, लोकांचे डोळे ओले करते. त्या सकाळी माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही.

राग आला. आतापर्यंत तो पत्र्यावर होता, आता कुणावर काढायचा ते कळेना. घरी येऊन निशिकांतांवर काढला, ते सवयीचे आहेत. जाई फोटो बघून तिच्या सिंगापुरी वळणानं म्हणाली, "आई, कम्प्लेनंट पण तूच, कल्प्रिट पण तूच. सो एफिशियंट लाह."

मी इस्टेटच्या ऑफिसात गेले. समोर फरहान नावाचा गोड मुलगा. त्याला म्हटलं, खुर्ची परत हवी. त्यानं फॉर्म उघडला. सामान परत हवं असेल तर ते आपणच खाली ठेवलं होतं असं मान्य करावं लागतं. मी म्हटलं, मान्य. त्यानं माझा ओळखक्रमांक टाकला. कॉम्प्युटरनं लाल चौकट दाखवली. तक्रार करणारा आणि सामान टाकणारा एकच असू शकत नाही. फरहाननं परत टाकला. परत लाल. त्यानं शेजारणीला बोलावलं, तिनं साहेबांना बोलावलं. तिघांनी मिळून कॉम्प्युटरकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. साहेब अतिशय नम्रपणे म्हणाले की मॅडम, आपण तक्रार मागे घेऊ शकता, पण ती पूर्ण झाल्यामुळे मागे घेता येणार नाही. मग त्यांनी विचारलं की आपल्याला या सेवेबद्दल किती तारे द्यावेसे वाटतात.

तीस वर्षांच्या ऑडिटमध्ये मी अनेकांना असंच उत्तर दिलं आहे, हे मला त्या क्षणी आठवलं, आणि माझा राग आणखी वाढला.

मी निघाले तेव्हा फरहान पाणी प्यायच्या निमित्तानं दारापर्यंत आला. हळूच म्हणाला की जुनं सामान कालव्यापलीकडच्या आवारात जातं, पाचपर्यंत फाटक उघडं असतं, आणि मी काही बोललो नाही.

बसस्टॉप सरकलेला. वळसा सरकलेला. मी चालत निघाले. संताप असा होता की बसायची जागा ठरवायची राहून गेली. चालले, कालवा ओलांडला, पूल चढले, उतरले. वाटेत मनातल्या मनात अकरा कलमांचं उत्तर लिहिलं, यशोधनना पपई परत केली, मीनलबाईंच्या स्लाइड बंद पाडल्या. आवारात पोचल्यावर घड्याळ पाहिलं तर पन्नास मिनिटं झाली होती, आणि मी एकदाही टेकले नव्हते.

आवारात लाल खुर्च्यांचा ढीग होता. तीस-चाळीस तरी. सगळ्या एकाच साच्यातून निघालेल्या. आणि मला उमगलं की ज्या खुर्चीनं मला तीन आठवडे पाठ दिली ती कशी दिसते ते मला सांगता येणार नाही. बसायच्या वस्तूकडे बघतं कोण? मारुतीरायांची अवस्था मला पहिल्यांदा खरी कळली. बावीस वर्षांत तीनदा मी ते आख्यान लावलं, 'वेली ओळखेना' म्हणताना हात कपाळाला लावून अभिनय केला, पण तो अभिनयच होता. त्या दिवशी मी खरोखर कपाळाला हात लावला. मग त्यांनी जे केलं तेच केलं. ज्या चार बऱ्या दिसल्या, झिजलेल्या आणि मायेच्या वाटल्या, त्या एकात एक घातल्या आणि डोक्यावर घेतल्या. फाटकावरच्या माणसानं कुठलाही फॉर्म मागितला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं फाटक जरा जास्तच उघडलं.

आता सत्तावन्न वर्षांची बाई, पंजाबी ड्रेस, डोक्यावर चार लाल खुर्च्या, आंग मो किओच्या रस्त्यानं चालली आहे. मंडळाच्या एका सभासदानं बसमधून व्हिडिओ काढला. मी घरी पोचायच्या आत तो ग्रुपवर होता. यशोधननी लिहिलं, 'उल्काताई शिफ्ट होतायत का? मूव्हर्सचा नंबर हवा असल्यास सांगा.' चैत्रालीनंही पाहिला. तिनं वेगळा निरोप पाठवला, 'काकू, हे काय चाललंय? पण कणा किती सरळ आहे.'

मी चारही खुर्च्या झाडाखाली एका ओळीत मांडल्या आणि कोह अंकलांना खाली बोलावलं.

ते आले. एकेक खुर्ची उलटी करून पाय बघितले. पहिली. दुसरी. तिसरी. चौथीला जरा वेळ लागला. मग ती सरळ ठेवून म्हणाले, "नॉट हर्स."

मी विचारलं, कुणाची.

त्यांच्या पत्नीची. त्या खुर्चीच्या एका पायाला भेग होती आणि बाईंनी ती गुलाबी प्लॅस्टिकच्या दोरीनं घट्ट बांधली होती. मूळची खुर्ची कॉफीशॉपची. बाई तिथे एकतीस वर्षं चहा-कॉफी द्यायच्या. दुकान बंद झालं त्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता ही एक खुर्ची उचलून घरी आणली. दोन महिन्यांनी त्या गेल्या.

मी मटकन खाली बसले, चारांपैकी कुठल्या तरी एकीवर. कारण मला त्या आठवल्या. गुलाबी एप्रन, करडा आवाज. मी रस्ता ओलांडायच्या आत आतल्या पोराला ओरडून सांगायच्या, आल्याचा चहा, साखर कमी. दहा वर्षं त्या माझ्यासाठी ओरडल्या. दहा वर्षं मी साखर तरीही जास्तच आहे म्हणून त्यांच्याशी भांडले. दुकान बंद झालं तेव्हा मी चिडले होते की आता चहा कुठे प्यायचा. त्या कुठे जातील हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

मग मी सांगितलं. पत्र, अकरा कलमं, नववं कलम, सोफा, फोटो. सगळं, न सजवता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं निरूपण.

कोह अंकलांनी झाडाकडे पाहिलं. मग हसायला लागले, खांदे हलवत. म्हणाले, "मी टू. आय कम्प्लेन यू."

लिफ्टजवळची ती सूचना माझ्याबद्दल होती. सकाळी साडेसहाला एक इंडियन आंटी माझ्या खिडकीखाली भांडते, एकटीच भांडते, अशी त्यांनी दोनदा तक्रार केली होती. मग एक दिवस त्यांनी मला पत्रा धरून रडताना पाहिलं. त्याआधी बाकावर बसले की मी गाते हेही त्यांनी ऐकलं होतं. चालताना भांडते, बसली की गाते, एवढं त्यांनी ताडलं आणि खुर्ची खाली आणून ठेवली. मला वाटत होतं देवानं पाठवली. पाठवली त्यानंच असेल, पण खाली उतरवली एका कावलेल्या म्हाताऱ्यानं, आपली झोप वाचावी म्हणून. आणि, त्यांनी पुढे सावकाश सांगितलं, बायकोला गाणं आवडायचं म्हणून. सातव्या महिन्यात तंबूत ती त्यांना ओढून न्यायची.

त्यांनी खिशातून ते फडकं काढलं, चौथी खुर्ची पुसली, आणि ती घेऊन वर गेले. उरलेल्या तीन मी ऑफिसात नेऊन दिल्या. फरहाननं त्या कुठल्या रकान्यात भरायच्या म्हणून परत साहेबांना बोलावलं. त्यांना तसंच सोडून मी घरी आले, आणि यशोधनना फोन केला. बुधवार उजाडायला अजून आठवडा होता. मी म्हटलं, "दोन तास उभी राहीन. स्टूल आणलंत तर त्याच्यावर मीनलबाईंचा प्रोजेक्टर ठेवा."

पुढचे दिवस मी रोज कालव्यापर्यंत जाऊन येत होते, रावण कालव्यापलीकडे म्हणायचा असं ठरवून.

शनिवारी हॉल भरला. नऊवारी नेसून, झांज हातात घेऊन मी गादीवर उभी राहिले. नमन चालू असताना दार उघडलं आणि कोह अंकल आले, इस्त्रीचा शर्ट घालून, एका हातात लाल खुर्ची. मी बोलावलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं. ते सरळ पुढे आले, आमच्या पहिल्या ओळीत, जी नेहमीप्रमाणे रिकामी होती. खुर्ची मधोमध ठेवली आणि स्वतः शेजारच्या खुर्चीत बसले. लाल खुर्चीच्या एका पायाला नवी गुलाबी दोरी बांधलेली होती. त्या पायाला भेग नव्हती.

यशोधन धावत आले. प्रमुख पाहुण्यांना मधोमध बसवायचं होतं, आणि मोकळी खुर्ची दिसली की तिचा उपयोग करायचा हा त्यांचा स्वभाव. कोह अंकलांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "समवन सिटिंग."

यशोधननी माझ्याकडे पाहिलं. मी झांज थांबवली. म्हटलं, "बरोबर आहे. बसलंय कुणीतरी."

मग मी लोकांना सांगितलं की जिथे रामाची कथा होते तिथे एक आसन मारुतीरायांसाठी मोकळं ठेवायचं, ही आपली जुनी रीत. आपण पाट मांडायचो, हॉल भाड्यानं घेतल्यापासून विसरलो. या शेजाऱ्यांना आपल्या रीतीची माहिती नाही, तरी ते आसन घेऊन आले. त्यांच्या रीतीप्रमाणे ते त्यांच्या पत्नीचं आहे. आज दोघं जरा दाटीवाटीनं बसतील. मारुतीरायांना सवय आहे, कुठेही मावतात.

दीड तासानं कळ आली. द्रोणागिरी उचलायच्या वेळेलाच. डोळ्यांपुढे अंधारी आली, यशोधन बाजूला स्टूल घेऊन तयारच होते, मला ते दिसलं. मी गुलाबी दोरीकडे बघितलं आणि पद सुरू केलं. आरती झाली तेव्हा दोन तास दहा मिनिटं झाली होती. चैत्रालीनं घड्याळ लावलं होतं, मी नाही.

मध्यंतरात बुक्का लावायला गेले तेव्हा कोह अंकलांच्या कपाळाला लावला, आणि त्यांना बाईंचं नाव विचारलं. दहा वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायला होता, आणि नाव तेव्हा विचारलं. सिउ लान. मग रिकाम्या खुर्चीच्या पाठीला थोडा बुक्का लावला.

बाक अजून आलेला नाही. टोपीवाला अजून क्षमा मागतो आहे आणि मी अजून त्याला माफ केलेलं नाही. कलम एक ते आठ, दहा आणि अकरा यांचं उत्तर आलेलं नाही, आणि मी सोडणार नाही. कलम नववं मात्र मी माझ्या प्रतीवर खोडलं आहे.

तेव्हा आता आरतीचं तबक तुमच्यापर्यंत आलं की माझ्यासाठी काही मागू नका, माझी कंबर ठीक आहे. या ब्लॉकमधून खाली उतरलात की झाडाखाली लाल खुर्ची दिसेल, कोह अंकल सकाळी ठेवतात आणि दुपारी उचलतात, ऑफिसच्या माणसांची वेळ त्यांना पाठ झाली आहे. दमला असाल तर बसा. आणि बसलात की सिउ लानची आठवण काढा. तुम्ही तिला ओळखत नाही म्हणता, पण तुमच्यापैकी निम्म्यांचा चहा कसा हवा ते तिला ठाऊक होतं.